पोटफुगी

एक्केचाळीस टक्के, असं सांगत होती बॅटरी
आणि विझली.
ग्लोलाच्या गोठ्यात माझा हात
खांद्यापर्यंत त्साब्लाच्या आत,
बोटांत प्रोब,
पडद्यावर नुकता कुठे दिसलेला
वाटाण्याएवढ्या जिवाचा ठोका,
आणि काळोख.
बादली धरून उभ्या एतेरीनं विचारलं,
"गेलं का गं?"
"ते नाही. यंत्र गेलं."
"मग त्याला कितवा महिना होता?"

कंपनीनं फार नम्रपणे कळवलं:
वॉरंटी संपून अकरा दिवस झाले आहेत.
मेलेल्या माणसालासुद्धा आम्ही
चाळीस दिवस घरचाच मानतो.
तिबिलिसीला पाठवा, तीन आठवडे लागतील,
आतल्या नोंदींची हमी नाही,
सहाशे चाळीस लारी.
एवढ्यात वासरू येतं,
आणि त्याला चार्जर लागत नाही.

म्हणून कुताइसीच्या बाजारामागे, जिन्याखाली, ऊचाकडे.
शेजारची बाई आंबट आलुबुखाराची चटणी विकते,
त्या वासात तो पेचकस चालवतो.
लॅपटॉप टेबलावर ठेवला तर तो डुलायला लागला,
टचपॅड वर आलेलं, फुगलेल्या हिरडीसारखं.
"कधीपासून असं?"
"हिवाळ्यापासून."
"आणि आणतेस आत्ता?"
सव्वीस वर्षं मी हेच वाक्य
लोकांच्या अंगणात उभी राहून बोलत आलेय.
ते असं ऐकायला लागतं हे माहीत नव्हतं.

दहा स्क्रू
सार्डिनच्या डब्याच्या झाकणात, काढले त्याच क्रमानं.
आत गवताची काडी,
तांबूस केस (कुठल्या गाईचे, सांगू शकले असते),
एक वाळकी माशी.
आणि ती:
काळी, तीन कप्प्यांची, दोन टम्म.
टिचकी मारली तर ढोल वाजेल
इतकी ताणलेली डावी कूस.

माझा हात आपोआप कोटाच्या खिशात गेला.
हिरव्या लसूणघासावर सुटलेल्या गाईला
शेवटच्या बरगडीमागे एकच टोचा,
फस्स करून घाण वारा सुटतो,
जनावर उभं राहतं, मालक रडत हसतो,
माझ्या आयुष्यातली सगळ्यात सोपी पुण्याई.

"खिशात ठेव ते!"
ऊचा ओरडला, चटणीवाली दचकली.
"हिला भोसकलंस तर ही उठत नाही, बाई.
पेटते."

मग त्यानं चिकटीखालून मासेमारीची दोरी घातली,
स्पिरिटचा थेंब, थोडं इकडे, थोडं तिकडे.
अडकलेली वार अशीच काढतात,
ओढायचं नसतं,
ती आपणहून सोडेपर्यंत थांबायचं.
मी बोलले नाही काही.
हात ओळखीचे वाटले, एवढंच.

जुनी गेली बाहेर, वाळूच्या बादलीत.
नव्या तीन होत्या:
एक अस्सल, असं म्हणून तो स्वतःच हसला,
एक नक्कल,
एक रिओनी नदीत पडलेल्या कुणाच्या तरी यंत्रातून काढलेली.
नक्कल घेतली. एकशे पस्तीस लारी.
"हिची वॉरंटी?"
"मी या जिन्याखाली आहे तोवर."
"आणि जिना?"
त्यानं वर पाहिलं. "जिना जुना आहे."
बॅटरीवर पट्टी चिकटवून तारीख लिहिली,
खाली बारीक अक्षरात: टोचू नये.

तीन आठवड्यांनी पुन्हा ग्लोला.
त्साब्ला रवंथ करत, माझ्याकडे पाठ फिरवून,
तिला या भेटीचं काही कौतुक नाही.
पडद्यावर आता उंदराएवढं काहीतरी,
पाठीचा कणा, बारीक शिवण घातल्यासारखा,
आणि ठोका, घाईघाईचा.
मोजायचे ते ठोके सोडून
मी वरचा कोपरा बघत राहिले.
त्रेचाळीस.
बेचाळीस.
एक्केचाळीस, आणि तिथेच, कितीतरी वेळ.

चाळीस.

"आता श्वास घे," एतेरी म्हणाली.
"गाय घेतेय."